माइकशेठच्या झोपेचं वेळापत्रक

काका कामावर पिऊन येतो, ही बातमी मला बसस्थानकाच्या पार्सल खिडकीवर मिळाली. तो घरी विसरलेली गोळ्यांची पट्टी द्यायला मी गेले होते आणि खिडकीपाशी थांबले होते. मी त्याची पुतणी आहे हे पार्सलवाल्याला ठाऊक नव्हतं. हा गृहस्थ नाकातून बोलतो आणि प्रत्येक आरोपानंतर हात झटकून मोकळा होतो.

"आपण कोणाबद्दल वाईट बोलत नाही," तो एका ड्रायव्हरला सांगत होता. "पण माइकशेठचे डोळे बघ सकाळी सहाला. पिकलेले टोमॅटो. चालतात कसे, तर भिंत धरून. आवाज कसा, तर पत्र्यावर खडी ओतावी तसा. आता रात्री कुठे बसतात, काय घेतात, आपल्याला काय करायचंय."

"आणि मंगळवारचं?" ड्रायव्हरने विचारलं.

"मंगळवारचं तर विचारूच नकोस," असं म्हणून पार्सलवाल्याने मंगळवारचं सगळं सांगितलं.

तर खरं काय ते असं. डोळे, भिंत आणि खडी या तिन्ही गोष्टी खऱ्या. मंगळवारही खरा. दारू तेवढी खोटी. काका रात्री जे घेतो ते अर्धा पेला गार दूध आणि खडूसारख्या लागणाऱ्या दोन पांढऱ्या गोळ्या. खोकल्याचं औषधसुद्धा तो घेत नाही; पेंग येते म्हणतो, आणि पेंग त्याच्याकडे आधीच भरपूर आहे. नऊ वर्षं त्याच्या पोटात अपचन मुक्कामाला आहे आणि त्याने काकाची झोप खाऊन टाकली आहे. त्या पोटात नीट पचलेली तेवढी एकच गोष्ट असावी.

काका बसस्थानकावर निवेदक आहे. म्हणजे कोणती गाडी किती वाजता कोणत्या फलाटावर लागेल, हे माइकवरून सांगणारा आवाज. सकाळी सहा ते दुपारी दोन, काचेच्या खोलीत, अठरा वर्षं. सगळे त्याला माइकशेठ म्हणतात. प्रत्येक गाडी तो दोनदा पुकारतो. पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने आणि दुसऱ्यांदा सावकाश. दुसरी खेप कोणासाठी, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "पहिल्या वेळी जे पिशवीत डोकं घालून तिकीट शोधत असतात त्यांच्यासाठी." गाडी रद्द झाली तर ती रद्द आहे हे तो लगेच माइकवर सांगत नाही. आधी खोलीतून बाहेर येतो, त्या फलाटावर कोण कोण उभं आहे ते डोळ्यांनी बघून घेतो आणि मग परत जाऊन सांगतो. स्थानकप्रमुखांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. काकाचं म्हणणं, कोणाला सांगतोय ते न बघता वाईट बातमी सांगू नये.

आणि बाकावर कोणी झोपलेलं दिसलं, की तो निवेदनात आपल्या पदरचं एक वाक्य घालतो, "बाकावरच्या प्रवाशांनीही उठावं, गाडी तुमचीच आहे." हे वाक्य तो अगदी हळू म्हणतो. ज्याला स्वतःला झोप मिळत नाही त्याला दुसऱ्याची मोडताना जड जातं.

काका-काकू तळमजल्यावर राहतात, आम्ही वरच्या मजल्यावर. मधली जमीन लाकडी फळ्यांची आहे आणि माझ्या पलंगाच्या बरोबर खाली काकाची आरामखुर्ची येते, त्यामुळे त्याच्या पोटाचं मला सगळं पाठ आहे. त्याचा एक ढेकर छोटा, जणू दार लोटून कोणी विचारतंय येऊ का. दुसरा लांब, वळणं घेत येणारा, शेवटी ब्रेक लागल्यासारखा थांबणारा. तिसरा करपट. तो ऐकूच येत नाही. फक्त त्यानंतर "हं" एवढं ऐकू येतं. तिन्ही मला हुबेहूब काढता येतात. आई म्हणते, हे शाळेच्या दाखल्यावर लिहिता येत नाही म्हणून बरं.

त्याचा दिवस असा संपायचा. काकू एका कपड्यांच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसते. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं. दुकान साडेआठला बंद, घरी नऊला. साडेनऊला दोघं जेवायला बसणार. काका जेवणारा माणूस. कढईच्या कडेला चिकटलेलंसुद्धा तो खरवडून घ्यायचा. साडेदहाला आडवा. पाऊण तास बरा जायचा आणि मग छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, खोकला. काकूची झोप मोडू नये म्हणून तो उठून आरामखुर्चीत येणार आणि पाठ ताठ ठेवून बसणार, गाडी चुकलेल्या प्रवाशासारखा. साडेचारला गजर.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही," तो सकाळी म्हणायचा.

"घोरत होतास," काकू डोळे न उघडता म्हणायची.

"ते घोरणं नव्हतं. श्वास घेत होतो."

"मग जरा आखूड घेत जा. भिंत हलते."

दोघांचंही खरं होतं, असं आता मला वाटतं. तो झोपायचा, पण तुकड्यातुकड्यांत, आणि त्याला आठवायचे ते फक्त तुकड्यांमधले सांधे.

आता मंगळवार. त्या सकाळी सातच्या सुमाराला काकाने फलाट क्रमांक चारवर एक गाडी पुकारली. डोंगरावरच्या आरोग्यधामाची. आवाज घोगरा होता, पण शब्द न् शब्द बरोबर. मार्ग बरोबर, मधले थांबे बरोबर, दोनदा पुकारलं तेही बरोबर. फक्त ती गाडी सहा वर्षांपूर्वी बंद झाली होती. डोळे उघडे ठेवून काका झोपला होता, आणि झोपेत माणसाच्या तोंडून निघतं ते जुनं पाठांतर.

अकरा माणसं चार नंबरवर जाऊन उभी राहिली. त्यात एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा आजींना म्हणत होते, "मी म्हटलं नव्हतं, परत सुरू करतील?" वीस मिनिटांनी गाडीचा पत्ता नाही म्हणून काका त्याच्या सवयीप्रमाणे कोण उभं आहे ते बघायला बाहेर आला, आणि त्या अकरा चेहऱ्यांकडे बघताना त्याला जाग आली. त्याने प्रत्येकापाशी जाऊन माफी मागितली. आजी-आजोबांच्या पिशव्या स्वतः उचलून त्यांना घाटाच्या गाडीत बसवलं. तेवढ्या वेळात दोन गाड्या न पुकारता सुटल्या.

स्थानकप्रमुख शांतपणे बोलतात आणि प्रत्येक वाक्य फाइलमध्ये ठेवल्यासारखं ठेवतात. "तुमच्याबद्दल आदर आहे. तक्रारीही आहेत. मुख्य कार्यालयाने ध्वनिमुद्रित निवेदनाचं यंत्र देऊ केलं आहे. बाईंचा आवाज आहे, स्वच्छ आहे. सहा आठवड्यांनी त्यांचा माणूस येईल. त्या सकाळी तो तुमचं काम ऐकेल. आवाज आणि लक्ष, दोन्ही ठिकाणावर असेल तर आपण बघू. नाहीतर पार्सल खिडकीवर एक जागा आहे."

घरी येऊन काकाने हे जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाला, "पार्सल खिडकी वाईट नाही. बसायला खुर्ची असते." अठरा वर्षं ज्याने गाड्यांना नावाने बोलावलं त्याला आता खोक्यांवर चिकटपट्टी लावायची होती.

डॉक्टरकडे मी त्याच्याबरोबर गेले, कारण दुपारी काकू कामावर असते. डॉक्टरीणबाई भराभर बोलतात आणि मध्येच पेन टेबलावर आपटतात. त्यांनी तपासण्या करून घेतल्या, गंभीर काही निघालं नाही, आणि पंधरा दिवस झोपेची वही लिहायला सांगितली. काकाने वही आखली ती त्याला येते तशी. आगमन, प्रस्थान, थांबे, शेरा. "प्रस्थान १०.३०. थांबा ११.२०, कारण जळजळ. थांबा १२.४५, कारण आंबट ढेकर, मुक्काम खुर्चीत. पुढील प्रवास अनिश्चित." पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी ती वही शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना नेऊन दाखवली.

परत येऊन म्हणाल्या, "हे बघा. साडेनऊला तुम्ही पोटाला कामावर बोलावता. साडेदहाला दिवे घालवून स्वतः झोपता. ते बिचारं अंधारात एकटं काम करतंय, आणि आवाज झाला की तुम्ही त्यालाच बोलता. साडेसहाला जेवा. साडेसहा म्हणजे साडेसहा. आडवं होण्याआधी तीन तास पोटात काही जाता कामा नये. पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच करा. डाव्या कुशीवर झोपा. गोळी सकाळी, उपाशी पोटी. आणि ते गार दूध बंद, तुम्हाला वाटतं उतारा आहे, तो उतारा नाही."

घरी येऊन काकाने काकूला पलंग, कूस, गोळी आणि दूध सांगितलं. साडेसहा सांगितलंच नाही.

पलंग उंच करायला त्याने जुन्या वेळापत्रकांचे गठ्ठे आणले आणि डोक्याकडच्या पायांखाली घातले. पहिल्या रात्री दोघंही घसरत घसरत पायथ्याशी गोळा झाली. काकू सकाळी म्हणाली, "मला उतारावर शिवलंयस का?" दुसऱ्या दिवशी जोडपलंग सुटा केला. त्याचा उतरता, तिचा सपाट. मध्ये एक पायरी तयार झाली, तिच्यावर चष्मा ठेवायची सोय झाली. पण जळजळ थोडीच कमी झाली आणि आवाज तसाच राहिला. सहातले तीन आठवडे गेले.

"साडेसहाचं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू काकूला सांगायचं नाहीस."

"पण का?"

तो खुर्चीत पुढे सरकला. घोगऱ्या आवाजात एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलला. "मी सव्वापाचला निघतो तेव्हा ती झोपलेली. मी परत येतो तेव्हा ती गेलेली. सुट्ट्यासुद्धा वेगळ्या दिवशी. आमची गाठ पडते ती साडेनऊला, त्या टेबलापाशी. ती लग्नाआधी सात वर्षं एका भाड्याच्या खोलीत राहायची. टेबल भिंतीला लावलेलं. सात वर्षं भिंतीकडे बघून जेवली. मला म्हणाली होती, बाकी काही नको, जेवताना समोर माणूस हवा. एवढं एकच मागितलंय तिने. मी साडेसहाला उरकून घेतलं तर ती पुन्हा भिंतीकडे बघून जेवणार."

"आणि माइक?"

"माइकचं बघू," असं म्हणून त्याने तिसरा ढेकर दिला. "हं."

मी कबूल केलं की सांगणार नाही, आणि सांगितलं नाहीच. झालं ते वेगळंच. काकूच्या सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे शाळेचा स्कर्ट लांब करून घ्यायला गेले होते. ती दाताखाली दोरा धरून म्हणाली, "ती डॉक्टरीण कशी बोलते गं? तुझा काका म्हणतो, तू अगदी तिच्यासारखं करतेस." मग काय, मी खुर्ची ओढली, पट्टीचं पेन केलं आणि सुरू झाले. नक्कल करताना एक अडचण असते. आवाज एकदा लागला की शब्द त्याचे तोच आणतो. त्यांना मधल्या थांब्यावर उतरवता येत नाही. "साडेनऊला तुम्ही पोटाला कामावर बोलावता" इथून जी निघाले ती थेट "साडेसहा म्हणजे साडेसहा" म्हणून टेबलावर पट्टी आपटेपर्यंत थांबले नाही.

काकूने दोरा दाताखालून काढला.

"पुन्हा कर," ती म्हणाली. "मधलं तेवढंच."

मी केलं. या वेळी पट्टी आपटली नाही. काकू स्कर्ट मांडीवर घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "आणि हा गाढव मला दुधाचं सांगत बसला."

त्या रात्री मी मुद्दाम ऐकत नव्हते. पण फळ्यांना फटी आहेत.

"साडेसहाला जेवायला सांगितलंय ना तुला?"

"कोणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. स्कर्ट घालून."

काकाचा खोकला.

"तूच म्हणाली होतीस, जेवताना समोर—"

"समोर बस म्हणाले होते. खा कुठे म्हणाले होते? वीस वर्षं तू माझ्या अर्ध्या बोलण्यावर चाललायस. पूर्ण माप तरी घ्यायचं."

"रिकाम्या ताटापुढे बसू?"

"ताट तरी कशाला? पाण्याचा पेला घेऊन बस. मला तुझं तोंड बघायचं असतं, त्यात घास आहे की नाही ते मी मोजत नाही. आणि उद्या तू पार्सल खिडकीवर गेलास तर जे तोंड समोर येईल ते मला नाही बघायचं. मी ते तीन आठवडे बघतेय."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि नंतर बराच वेळ दोघं हळू आवाजात बोलत होती. तेवढं मात्र मी ऐकलं नाही. कान पलीकडे वळवता येतात, हे लोकांना माहीत नसतं.

दुसऱ्या दिवसापासून काका साडेसहाला जेवू लागला. एकटाच, उकडलेले बटाटे आणि भात, तिखट नाही, तळलेलं नाही. साडेनऊला काकूसमोर कोमट पाण्याचा पेला. ती जेवता जेवता दुकानातली गिऱ्हाइकं सांगायची, तो स्थानकावरची. काकूच्या ताटात कुरकुरीत तळलेला मासा असायचा आणि काकाचे डोळे त्याच्याबरोबर ताटातून तोंडापर्यंत ये-जा करायचे. चौथ्या दिवशी मी जिन्यात बसून हे बघितलं आणि खाली येऊन म्हणाले, "काका, तू टिकत नाहीस. यंत्रवाला माणूस यायच्या आत तुझा हात काकूच्या ताटात गेलेला असेल."

"पैज?"

"पैज. मी जिंकले तर एक गाडी माइकवरून मी पुकारणार. तुझ्या आवाजात."

"नियमात बसत नाही," काका म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "पण मी हरणार नाही, तेव्हा नियमाचा प्रश्न येत नाही. आणि मी जिंकलो तर?"

"तू सांग."

"जिंकल्यावर सांगेन."

हे ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं.

झोप एकदम आली असं नाही. पहिला आठवडा वहीत उलट जास्तच थांबे होते, कारण आता भुकेचाही एक थांबा वाढला होता. दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी "थांबा १.३०, कारण समजले नाही, पुन्हा प्रस्थान १.४०" असं आलं. त्याचं अक्षर त्या ओळीत जरा मोठं आहे. मी विचारलं, तर म्हणाला, "जागा झालो आणि जळत नव्हतं. घाबरलोच. मग लक्षात आलं, नुसती जाग आहे. लोकांना अशी नुसती येत असेल. कूस बदलायची आणि झालं." नऊ वर्षांत तो कूस बदलणंच विसरला होता. वरून ऐकताना मला एक गोष्ट विचित्र वाटायची. त्याचे ढेकर, खोकला, खुर्चीची करकर, हे सगळं कमी होत गेलं तशी मीच मध्येमध्ये जागी व्हायला लागले. काय ऐकू येत नाहीये, हे ऐकायला.

पैजेसाठी मी लबाडी केली, हे कबूल करते. काकूच्या दुकानात कोणाचं तरी लग्न ठरलं आणि ती केकचा जाड तुकडा घेऊन आली. मी जिन्यात लपून काकूच्या आवाजात म्हणाले, "एवढा कोपरा तूच संपव बाई आता, मला नाही जात." सूर, दमलेपणा, "बाई" वरचा झोल, सगळं जागच्या जागी.

काकाने मान वर केली नाही. काकू त्याच्याकडेच बघत होती आणि तिचे दोन्ही गाल केकने भरलेले होते.

"आवाज पास," काका जिन्याकडे न बघता म्हणाला. "वेळापत्रक चुकलं." मग केकची बशी काकूकडे सरकवत माइकवरच्या सुरात म्हणाला, "सदर गाडी या स्थानकावर थांबणार नाही." काकूला ठसका लागला.

यंत्रवाला माणूस ठरल्या दिवशी आला. मी शाळेआधी फलाट क्रमांक दोनच्या बाकावर जाऊन बसले. काकाची आदली रात्र फार चांगली गेली नव्हती. वहीत तीन थांबे होते, कारण "काळजी". पण ती पोटातली नव्हती. सहाला भोंगा खरखरला आणि आवाज आला. पूर्वीसारखा नव्हता. नऊ वर्षांत घसा जेवढा खरवडला गेला तेवढा गेलाच. पण शब्दांना पुन्हा तळ आला होता. पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने, दुसऱ्यांदा सावकाश. मग बंदराची गाडी रद्द झाल्याचा निरोप आला, आणि त्या माणसाच्या देखत काका माइक बंद करून खोलीबाहेर निघाला. स्थानकप्रमुखांनी कपाळाला हात लावला. काका फलाटावर गेला, उभ्या असलेल्या सहा जणांकडे बघितलं, परत आला आणि सांगितलं. पर्यायी गाडी कोणती तेही सांगितलं, कारण त्या सहांत कडेवर मूल असलेली एक बाई होती हे त्याने पाहिलं होतं.

निकाल अर्धामुर्धा लागला. दुपारच्या पाळीला बाईंचा स्वच्छ आवाज बसवणार. सकाळची पाळी काकाकडे. वर्षाने पुन्हा बघू, असं स्थानकप्रमुखांनी फाइलमध्ये ठेवलं.

संध्याकाळी मी अभिनंदन करायला खाली गेले. काकू कामावर होती. टेबलावर दोन ताटं मांडलेली होती, आणि दोन्हींत उकडलेले बटाटे.

"बस," काका म्हणाला. "जिंकल्यावर सांगेन म्हटलं होतं ना."

"किती दिवस?"

"रोज. साडेसहा म्हणजे साडेसहा." हे त्याने डॉक्टरीणबाईंच्या आवाजात म्हणायचा प्रयत्न केला. अजिबात जमलं नाही. "काकूसमोर मी असतो. माझ्यासमोर तीन आठवडे भिंत आहे."

मी बसले. बटाट्यात मीठ कमी होतं. तेव्हापासून रोज साडेसहाला जेवते, आणि दहा वाजता मला कडकडून भूक लागते.